आधी टाके

राहे गावात फेब्रुवारी म्हणजे उणे बावीस,
समुद्र नजर जाईल तिथवर गोठलेला,
आणि माझ्या गॅरेजात कप्पीच्या साखळीला
लटकलेलं एका व्होल्व्होचं इंजिन.
खाली लांब नाकाची डॅटसन, तोंड उघडं टाकून.
लाल. म्हणजे एके काळी लाल.
तिचं स्वतःचं इंजिन ऑक्टोबरातच फुटलं.
मी शाळेची बस चालवते;
तसलंच दुसरं घ्यायचं तर किती, हे ऐकलं
आणि काढता पाय घेतला.
ही व्होल्व्हो भंगारातली, आधी एका पाद्र्याची.
साठच्या वर कधी गेलीच नसावी.
आता तिचं काळीज या बयेच्या घरी नांदायचं.

इल्मारीनं दोन्हीकडे पाहिलं. म्हणाला, "बसेल."
मग तासभर काही बोलला नाही.

एकतीस वर्षं तो पोलादाच्या कारखान्यात वेल्डर होता.
आता हात थरथरतात.
त्याचा कप अर्धाच भरायचा, हे मला ठाऊक आहे,
आणि मला ठाऊक आहे, हे त्यालाही.
म्हणून डोळे त्याचे, हात माझे.

ओळंबा सोडला. पाणसळ ठेवली इंजिनाच्या डोक्यावर.
मागे तीन अंश उतार.
तेलाच्या टाकीखाली लाकडाचा ठोकळा,
तुळईपासून दोन बोटं मोकळी.
"इतकी कशाला?"
"इंजिन हालतं. जागेवर बसलेलंही हालतं.
इथे मापात पाप नको."

ओट्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
वाकवला, फेकला, पुन्हा कापला.
तिसऱ्या पुठ्ठ्यावर त्याची मान हलली.
मग त्याच आकाराची सहा मिलिमीटरची पत्र्याची पट्टी,
जिला वाकवताना माझा खांदा बोलला
आणि शेजारचं कुत्रंही.

आधी नुसते टाके.
कापडाला घालतात तसे, उसवता येतील असे.
एक इकडे, दुसरा तिरपा समोर;
सगळे एकाच बाजूला घातले
तर तापलेलं लोखंड तिकडेच ओढलं जातं,
आणि थंड झाल्यावर समजूत काढून परत येत नाही.
रबराचे बुश आचेपासून लांब,
खिडकीत, कॉफीच्या डब्याशेजारी.
सगळ्या या खटाटोपात मऊ तेवढेच दोन.

साडेअकराला मी स्टिअरिंग फिरवलं.
उजवीकडे ठीक.
डावीकडे टक्.
डाव्या माउंटचा कोपरा दांड्याला लागत होता,
सूतभर. फक्त सूतभर.

मी म्हटलं, दांडाच घासू थोडा, कोण बघतंय.
इल्मारी ओरडला.
चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही नीट जमलं नाही त्याला.
त्यानं ग्राइंडरकडे हात नेला,
हाताकडे पाहिलं,
हात खिशात घातला.
"उसव," म्हणाला.

उसवलं.
ठिणग्या त्याच्या लोकरी टोपीवर जाऊन विझत होत्या,
तो झटकत नव्हता.
नवा पुठ्ठा. चौथा. ओट्स आता पिशवीत.

पक्के टाके बुधवारी, इंजिन वर घेऊन, टेबलावर.
एक ओळ मला साधली,
नाण्यावर नाणं ओळीनं सरकवून ठेवावं तशी.
इल्मारीनं नखानं ती चाचपली, शेवटपर्यंत,
आणि एका ठिकाणी थांबला.
"इथे तू श्वास घेतलास."
घेतला होता.

मार्चच्या चौदा तारखेला चावी फिरवली.
दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं.
सगळं इंजिन थरथरत होतं, आणि गाडी नव्हती.
टूलबॉक्सवर ठेवलेल्या कपात कॉफी स्थिर.
इल्मारीनं हातमोजा काढला
आणि तळवा ठेवला सरळ इंजिनाच्या झाकणावर,
ठेवला तो ठेवलाच, चटका बसेपर्यंत.
तेवढा वेळ कोण थरथरतंय
हे सांगता आलं नसतं कुणाला.

मग मोजा चढवला त्यानं, एक एक बोट करत.
"शंभर किलोमीटर झाले की
डावा बोल्ट पुन्हा आवळ.
पहिल्यांदा आवळलेलं
काहीच खरं नसतं."